चूक करायला पुरेल एवढं आकाश

परभणीहून परळीमार्गे हैदराबादकडे जाणारी गाडी पकडली की गंगाखेड, परळी, घाटनांदूर, लातूर रोड, उदगीर करत ती कमालनगरला कर्नाटकात शिरते आणि भालकी ओलांडून बिदरला थांबते. या प्रवासात निम्मा दिवस सहज जातो. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर हेच अंतर सरळ रेषेत साधारण १७० किलोमीटर भरतं. बिदरच्या हवाई दलाच्या तळावरून हॉक जातीचं जेट विमान उडालं आणि ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरून वायव्येकडे निघालं, तर तेराव्या मिनिटाला ते परभणीच्या डोक्यावर असेल.

आपल्या जिल्ह्यात हवाई दलाचा तळ नाही. प्रवासी विमान पकडायचं म्हटलं तरी नांदेड गाठावं लागतं. त्यामुळे ‘एअरफोर्स’ म्हटलं की आपल्यापुढे पुण्याचं लोहगाव येतं, नाशिकजवळचं ओझर येतं, फार तर नागपूरचं वायुसेनानगर. पण परभणीकराला सगळ्यात जवळचा मोठा तळ बिदरचा, आणि तो या तिन्हींपेक्षा निराळा आहे. लोहगावला सुखोई-३० विमानं आहेत, ओझरला विमानं बनतात आणि दुरुस्त होतात, नागपुरात हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय आहे. बिदर ही शाळा आहे. लढाऊ वैमानिक घडवण्याच्या वाटेवरचा शेवटचा मोठा वर्ग इथे भरतो.

जेट विमान म्हटलं की आपण वेगाने आणि आवाजाने दिपून जातो. मला मात्र या शाळेबद्दल जसजसं कळत गेलं, तसतसं नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटू लागलं. बावीस-तेवीस वर्षांचं पोर शिकताना चुका करणारच. आणि त्याच्या हाती द्यायचं यंत्र असं, की एका चुकीत खेळ खलास. मग चूक करून, ती ओळखून, सुधारून पुन्हा जमिनीवर यायला त्याला जागा कुठून द्यायची? धावपट्टीपासून ते शिक्षकाच्या खुर्चीच्या उंचीपर्यंत तळावरची बहुतेक प्रत्येक गोष्ट या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून तिथे आलेली आहे.

गंमत म्हणजे या वाटेच्या सुरुवातीला एक ठिकाण असं आहे, की तिथे चुकीला अजिबात जागा नाही. मराठवाड्यातली मुलं छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे राज्य सरकारने १९७७ मध्ये काढलेल्या ‘एसपीआय’मध्ये, तयारी करतात, खडकवासल्याच्या एनडीएत जायचं स्वप्न बघतात. त्यांतल्या ज्याला वैमानिक व्हायचंय त्याला वैमानिकाच्या कलचाचणीला बसावं लागतं, आणि ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर हवाई दलात दुसरं काहीही व्हा, विमान चालवणं विसरा. त्यानंतर शरीराची मोजमापं. नुसती उंची नव्हे. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, आणि मांडी ६४ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. मांडीचं माप कशाला? कारण संकटात आसनासकट बाहेर फेकलं जायची वेळ आली, तर लांब मांडीवाल्याचे गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळतील. उमेदवाराने विमान अजून जवळून पाहिलेलंही नसतं, आणि त्याच्या शेवटच्या उपायाचा हिशेब इथेच मांडून झालेला असतो.

पुढची वाट साधारण अशी. हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत पिलाटस या पंख्याच्या विमानावर पहिले धडे. मग वाटा फुटतात : कुणी मालवाहू विमानांकडे, कुणी हेलिकॉप्टरकडे, कुणी लढाऊ विमानांकडे. लढाऊ शाखेची मुलं हकीमपेटला किरण या जुन्या जेटवर हात बसवतात आणि शेवटी बिदरला हॉकवर येतात. आधीच्या पिढीतल्या कित्येक वैमानिकांनी तर आयुष्यातलं पहिलं उड्डाणच बिदरला केलं; तेव्हा इथे एलिमेंटरी फ्लाइंग स्कूल होतं. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांथ आणि मोहना सिंह या देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक १८ जूनला दुंडीगलहून अधिकारी होऊन बाहेर पडल्या, त्याही पुढच्या शिक्षणासाठी बिदरलाच आल्या.

आता त्या जागेच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचं पहिलं आणि सगळ्यात साधं उत्तर म्हणजे उंची. आपल्याला वाटतं, जितकं वर तितका धोका जास्त. वैमानिकाला नेमकं उलट शिकवतात. जमिनीपासून पाच किलोमीटर वर विमान बिघडलं, भरकटलं, गोते खाऊ लागलं, तरी विचार करायला वेळ असतो. पन्नास मीटरवर तो नसतो. म्हणून भीतीदायक वाटणारे सगळे प्रयोग मुद्दाम उंचावर होतात. त्यातला मुख्य म्हणजे ‘स्टॉल’.

पंख विमानाला उचलतो तो त्याच्यावरून नीट चिकटून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. नाक थोडं वर केलं की पंखाचा हवेशी होणारा कोन वाढतो, उचल वाढते. पण हे पंधरा अंशांच्या आसपासपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाच्या पाठीवरून सुटते, भोवरे होतात आणि उचल एकदम कोसळते. इंजिन चालू असतं, पंख जागेवर असतात, तरी विमान खाली जाऊ लागतं. अशा वेळी माणसाचा हात आपोआप काय करेल? दांडी मागे ओढेल. खाली जातंय म्हणजे वर उचलूया. आणि ओढल्याने कोन आणखी वाढेल, विमान आणखी कोसळेल. सुटकेचा मार्ग उलटा आहे : पडत्या विमानाचं नाक आणखी खाली दाबायचं, हवा पंखाला पुन्हा चिकटू द्यायची, मग सावकाश वर यायचं. जमीन समोरून अंगावर येत असताना दांडी जमिनीकडे ढकलायची! पुस्तकात वाचून हे कळतं, पण हाताला ते कळायला तो कोसळण्याचा अनुभव पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून शिक्षक वर नेऊन विमान मुद्दाम पाडतो, शिष्याला सावरायला लावतो, पुन्हा पाडतो.

त्यासाठी हॉकमध्ये दोन आसनं एकामागे एक आहेत, आणि मागचं शिक्षकाचं आसन पुढच्यापेक्षा चांगलंच उंच आहे. शिष्याच्या डोक्यावरून शिक्षकाला धावपट्टी दिसते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण उतरताना शेवटच्या काही सेकंदांत शिक्षकाला पुढचं स्पष्ट दिसत असेल, तर तो शिष्याला त्याची चूक थोडी जास्त वेळ करू देऊ शकतो. दिसत नसेल तर घाईने हात घालावा लागतो, आणि शिष्य स्वतः सावरायला शिकतच नाही.

दुसरी गोष्ट इथल्या उन्हाची. बिदर समुद्रसपाटीपासून ६६० मीटरच्या आसपास आहे. विमानाला मात्र आपण किती उंचीवर आहोत याच्याशी देणंघेणं नसतं; हवा किती दाट आहे एवढंच त्याला कळतं. तापलेली हवा फुगते, विरळ होते. पंखाला धरायला कमी हवा, इंजिनाला ओढायला कमी हवा. चाळीस अंशांच्या दुपारी हिशेब मांडला, तर बिदरच्या धावपट्टीवरची हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे १७०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी पातळ ठरते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी बिदरच्या सपाट पठारावर उभं असलेलं विमान स्वतःला महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखरापेक्षाही उंच समजत असतं! त्याला उडायला जास्त वेग लागतो, जास्त धावपट्टी लागते, आणि वर चढतानाही दम लागतो. त्याच विमानाला डिसेंबरच्या पहाटे, आपल्या परभणीत पारा एक आकड्यावर येतो त्या दिवसांत, पंख जणू नवे मिळतात. सकाळी लवकर उड्डाणं करण्यामागे कारणं अनेक असतील. दाट, स्थिर हवा हे त्यातलं एक मोठं.

उड्डाणाची सुरुवात खोलीत होते. आजच्या फेरीत, म्हणजे ‘सॉर्टी’त, काय करायचं, कुठल्या उंचीवर, कुठल्या भागात, इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं, हे सगळं ब्रीफिंगमध्ये बोलून होतं. हवामान खात्याचा माणूस वारा, ढग, धुकं सांगतो. वाऱ्यावरून ठरतं कुठल्या बाजूने उडायचं. धावपट्टीच्या टोकाला मोठ्या अक्षरात रंगवलेला आकडा आपण चित्रांत पाहिलेला असतो. ती होकायंत्रावरची दिशा असते, शेवटचं शून्य काढून. नऊ म्हणजे पूर्व, सत्तावीस म्हणजे पश्चिम. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर तेवढा वेग पंखाला फुकट मिळाला. चाकांना तेवढं कमी धावावं लागतं.

मग पक्षी. घार वजनाने किलोभराच्या आतबाहेर. पण सेकंदाला ८० मीटर वेगाने चाललेल्या विमानाच्या इंजिनात ती गेली तर पात्यांची वाताहत होते, आणि हॉकला इंजिन एकच. म्हणून धावपट्टीच्या कडेला पक्षी हाकणारी माणसं असतात, फटाके आणि बंदुका घेऊन. तेवढ्याने भागत नाही. भारतीय विमान नियमांत कलमच आहे की विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरं कापायची नाहीत आणि कचरा टाकायचा नाही, कारण तिथे घारी जमतात. गावाच्या उकिरड्याचा आणि जेट विमानाच्या इंजिनाचा इतका थेट संबंध असेल असं आपल्या मनातही येत नाही.

वर गेल्यावर शरीराची परीक्षा सुरू होते. ताशी ६५० किलोमीटरच्या वेगाने विमान ७५ अंश कलवून वळवलं, तर ते पाऊण-एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतं आणि आतल्या माणसाचं वजन जवळपास चौपट होतं. याला वैमानिक ‘चार जी’ म्हणतात. सत्तर किलोचा माणूस पावणेतीनशे किलोचा. हात उचलवत नाही, हेल्मेटसकट डोकं मानेत रुततं. खरी अडचण मात्र रक्ताची आहे. बसलेल्या माणसाचा मेंदू हृदयाच्या वर साधारण तीस सेंटिमीटर असतो. एवढ्या उंचीवर रक्त चढवायला हृदयाला पाऱ्याचे सुमारे बावीस मिलिमीटर इतका दाब खर्चावा लागतो. हे एका ‘जी’ला. पाच जीला रक्तही पाचपट जड होतं, खर्च एकशेदहावर जातो. आपला वरचा रक्तदाब असतो एकशेवीस. मेंदूपर्यंत पोहोचेतो हाती दहा उरतात.

इथे निसर्गाने एक इशारा ठेवलाय. डोळ्याच्या आत स्वतःचा थोडा दाब असतो, त्यामुळे रक्त कमी पडलं की मेंदूच्या आधी डोळे उपाशी राहतात. आधी रंग फिके होतात, मग नजरेच्या कडा काळवंडतात, समोर बोगद्यासारखं दिसू लागतं; माणूस अजून शुद्धीवर असतो. दांडी सैल सोडली की सगळं परत येतं. हा इशारा ओळखायला शिकणं हाही अभ्यासक्रमच. जोडीला जी-सूट असतो : पोटऱ्या, मांड्या, पोट यांभोवती फुगे असलेली विजार. जी वाढला की इंजिनाकडून येणारी हवा ते फुगे भरते, पाय आणि पोट आवळते आणि रक्त खाली साचू देत नाही. त्यातही वैमानिकाने स्वतः पाय ताठ करून, पोट आवळून, तीन-तीन सेकंदांनी झटक्यात श्वास घेत कुंथायचं असतं. रेडिओवरची वळणातली बोलणी ऐकली तर मल्ल लढताहेत असं वाटावं. आणि हे सगळं करत असताना मान वळवून दुसरं विमान शोधायचं, रेडिओवर उत्तर द्यायचं, इंधनाचा काटा बघायचा.

बिदरचं जगाला दिसणारं तोंड म्हणजे सूर्यकिरण. १९९६ मध्ये इथेच उभा राहिलेला हा हवाई कसरतींचा संघ नऊ विमानं एकत्र उडवतो. पंखापासून पंख पाच मीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. खालून पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि पहिला प्रश्न येतो की इतक्या वेगात हे धडकत कसे नाहीत? प्रश्नातच उत्तर लपलंय. जमिनीच्या हिशेबाने ते सेकंदाला सव्वाशे-दीडशे मीटर पळतायत, पण शेजारच्या विमानाच्या हिशेबाने त्यांचा वेग शून्य आहे. बाजूचा वैमानिक काटे बघत नाही, क्षितिजही बघत नाही. लीडरच्या विमानावरच्या ठरलेल्या दोन खुणा एका रेषेत दिसल्या पाहिजेत, एवढंच तो डोळ्यांत तेल घालून बघतो. खूण सरकली की बोटभर हालचाल, पुन्हा जागेवर. विमान उलटं झालं तरी त्याची नजर तिथेच. त्यामुळे सगळा भार लीडरवर. जमीन कुठे, ढग कुठे, सूर्य कुणाच्या डोळ्यांवर येतोय, शेवटच्या विमानाला वळायला किती जागा लागेल, हे नऊ जणांच्या वतीने एकटा बघतो, आणि हात इतका हलका ठेवतो की त्याच्या मागे येणाऱ्यांना धक्का बसू नये.

इथे चुकीची जागा संपत आलेली असते हे मान्य करायला हवं. २००६ च्या मार्चमध्ये आणि २००९ च्या जानेवारीत बिदरजवळ सरावात अपघात होऊन संघातले वैमानिक गेले. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या येलहंका तळावर सराव करताना दोन हॉक एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. कसरती दाखवण्यासाठी ही किंमत मोजावी का, असा प्रश्न पडतो आणि पडायलाच हवा. एक गोष्ट त्यात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०११ मध्ये शिकणाऱ्या मुलांना विमानं कमी पडू लागली, तेव्हा हवाई दलाने सूर्यकिरण बंद केला आणि त्याची किरण विमानं शाळेला दिली. हॉकवर तो पुन्हा सुरू झाला २०१५ मध्ये. निवड करायची वेळ आली तेव्हा शाळा वरचढ ठरली. मला तरी हे बरोबर वाटतं.

सगळं हुकलं तरी शेवटी एक जागा उरते ती आसनाखाली. हॉकमधल्या मार्टिन-बेकर आसनाच्या तळाशी रॉकेट असतं. दोन्ही मांड्यांच्या मध्ये असलेला कडीचा दोर ओढला की आधी डोक्यावरच्या पारदर्शक छपरात बसवलेली स्फोटक तार ते छप्पर फोडते, मग आसन वर उडतं, मग छत्री उघडते. हे आसन ‘झिरो-झिरो’ जातीचं आहे : विमान धावपट्टीवर उभं असताना, उंची शून्य आणि वेगही शून्य असताना दोर ओढला, तरी आसन माणसाला छत्री उघडण्याइतकं वर फेकतं. दोघे बसलेले असतील तर साधारणपणे मागचा आधी सुटतो, नाहीतर पुढच्याच्या रॉकेटची आग त्याच्या तोंडावर येईल. मघाचं ते ६४ सेंटिमीटरचं माप इथे वसूल होतं.

आणि खाली आल्यावर डीब्रीफिंग. हॉकच्या समोरच्या काचेवर जे आकडे आणि खुणा वैमानिकाला दिसतात, त्यांचं चित्रीकरण होत असतं. ते लावून पोराची प्रत्येक चूक सेकंदासकट त्याच्यासमोर मांडली जाते. उड्डाण तासाभराचं, आणि त्याची चिरफाड कधी त्याहून लांब. आपल्या शाळा-कॉलेजांत पेपर तपासून आल्यावर आपण फक्त गुण बघतो, उत्तर कुठे चुकलं ते उघडून बघत नाही. तिथे गुण दुय्यम.

जरा वाट वाकडी करून आवाजाचं सांगतो, कारण आपल्याकडे तो प्रश्न खरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात मोठा धडाड आवाज झाला की माणसं घराबाहेर येतात, आणि ते योग्यच आहे. हिंगोली जिल्ह्यात पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि २१ मार्च २०२४ च्या सकाळी तिकडेच ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा परभणीतही भांडी वाजली. पण काही आवाज वरूनही येऊ शकतात. सुखोईसारखं विमान ध्वनीपेक्षा वेगाने गेलं, की त्याने ढकललेल्या हवेला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही; ती दाबली जाऊन शंकूच्या आकाराची लाट बनते आणि विमानाच्या मागे ओढली जाते. गोदावरीत नाव पुढे निघून जाते आणि तिची लाट काठाला नंतर लागते, तसं. आपल्याला वाटतं, विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला त्या क्षणी एकदाच धडाका होतो. तसं नसतं. विमान त्या वेगात असेपर्यंत ही लाट जमिनीवरून सरकत राहते, वाटेतल्या प्रत्येक गावाला तिचा धडाका एकदा मिळतो. विमान दहा किलोमीटर उंचीवर असेल तर हा पट्टा पन्नास किलोमीटर रुंद असू शकतो. नाकाची एक लाट, शेपटीची एक. दोन आवाज इतके लागून येतात की पुष्कळदा एकच वाटतो.

ओळखायचं कसं? हवेची लाट आधी हवेशी नातं असलेल्या वस्तूंना गाठते : पत्रे, खिडक्यांची तावदानं, हलकी दारं. भूकंप पायांखालून येतो. खाट, भिंत, टांगलेला दिवा हलत राहतो. खात्री करायला भूकंपमापक हवा. खडकातली लाट सेकंदाला काही किलोमीटर धावते, हवेतली सेकंदाला तिसरा हिस्सा किलोमीटर, त्यामुळे वेगवेगळ्या केंद्रांवर ती किती अंतराने पोहोचली यावरून फरक लगेच कळतो. बिदरच्या हॉकवर मात्र याचा आळ घेऊ नये. ते सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगाच्या आतच असतं. फक्त जोरदार सूर मारला तर तो ओलांडू शकतं.

हे हॉक आपल्याकडे इतक्या उशिरा आलं, हे या गोष्टीतलं न पचणारं प्रकरण. अनेक वर्षं आपली मुलं किरणवरून, किंवा पोलंडच्या इस्क्रा या हळू जेटवरून, थेट मिग-२१ वर जात होती. मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाचं, आखूड त्रिकोणी पंखांचं विमान. उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरच्या वर धावणारं. त्याला दोन आसनांची आवृत्ती होती, पण मागच्या शिक्षकाला पुढचं दिसावं म्हणून पेरिस्कोप बसवावा लागला होता. पायरी एकदम उंच होती आणि सावरायला जागा नव्हती. १९८२ मध्ये ला फाँतेन समितीने सांगितलं की मधली एक पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्या. त्या विमानाचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षं! ६६ हॉक ठरली. २४ ब्रिटनमधून तयार होऊन आली, ४२ बेंगळुरूच्या एचएएलमध्ये बनली, आणि २३ फेब्रुवारी २००८ रोजी बिदरला हॉक रीतसर दाखल झालं.

मधल्या काळाचा हिशेब संसदेत मांडला गेला. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी दिलेल्या माहितीनुसार, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांचे जीव गेले. हे सगळे अपघात काही शिक्षणाच्या कमतरतेने झाले नाहीत; यंत्रं बिघडली, पक्षी धडकले, विमानं म्हातारी झाली. पण ‘वैमानिकाची चूक’ हा शेरा फार वेळा पडला. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आईवडिलांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, तो शेरा मुकाट्याने स्वीकारला नाही. मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी चारचौघांत लावून धरला, आणि पुण्यात अभिजितच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. उड्डाणाचा सराव जमिनीवर, सिम्युलेटरमध्ये, जास्तीत जास्त करून घ्यावा हा तिचा आग्रह. सिम्युलेटरमध्ये शंभर वेळा पडून शंभर वेळा उठता येतं. बिदरलाही हॉकचे सिम्युलेटर आहेत. मुलं आधी त्यांत चुकतात, मग आकाशात.

मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. ही विमानं आपल्याच ओझरच्या एचएएल कारखान्यात शेकड्यांनी बनली होती. तो कारखाना १९६४ मध्ये त्याच कामासाठी उभारला होता. निवृत्तीनंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच ओझरमध्ये दोन नव्या निर्मिती शाखांचं उद्घाटन झालं. एक तेजस या लढाऊ विमानाची, आणि दुसरी एचटीटी-४० ची. हवाई दलाने सत्तर मागवलेलं हे एचटीटी-४० पंख्याचं, साधं, दोन आसनी विमान आहे, ज्याला पहिल्यांदा आकाशात जायचंय त्याच्यासाठी.